शेंदराखालची नावं

ती घटना आठवायला मला आजही शेंदराचा वास पुरतो.

यवतमाळ जिल्ह्यात वणीकडे मी फौजदार होतो. छप्पन्नच्या बौद्ध धर्मांतराला पाच-सहा वर्षं झाली असतील. मुकुटबनकडच्या एका गावात स्मारकाचा दगड उभारला होता. महायुद्धात गावचे काहीजण स्वखुशीने पायदळाच्या पलटणीत भरती झाले आणि परमुलखातल्या रणात पडले. त्यांची नावं त्यावर कोरली होती. अनावरणाच्या बंदोबस्ताला मीच होतो. भाषणं इतकी झाली, की नावं वाचायला वेळ उरला नाही.

पुढच्या कापूस-वेचणीत गावचा एक मोठा शेतकरी ठाण्यात आला.

"साहेब, देव बाटवला. काल कोनंतरी त्या स्मारकाच्या दगडावरचा शेंदूर घासून काहाडला."

"तो दगड देव कधी झाला?"

"म्या नवस फेडला तवापासून."

त्याचा संशय बौद्ध वस्तीतल्या एका तरुणावर होता. खबऱ्यानेही तेच नाव दिलं. वस्तीने देव सोडले होते, एवढा पुरावा गावाला पुरत होता. या तरुणाच्या बापाचं नाव दगडावर पहिलं, आणि तो स्वतः त्याच पलटणीच्या भरतीला निघाला होता. गुन्हा नोंदला असता तर भरती संपली असती.

जबाब घेताना जमादाराने आवाज चढवला. तरुण शांत होता.

"बापाच्या नावावरचा शेंदूर मी चारचौघांत पुसला असता. लपून कायले पुसू?"

"मग काल दिवसभर होतास कुठं?"

"ह्यायच्याच वावरात कापूस येचून राह्यलो होतो. इचारा त्यायले."

फिर्यादी छताकडे पाहू लागला. कापूस त्यानेच तोलून घेतला होता.

मी दगड पाहायला गेलो. अक्षरांच्या खाचांत विटेची पूड होती. शेंदूर रॉकेलनेही निघतो. विटेच्या पुडीने कानेकोपरे लख्ख करायची सवय पट्ट्याचं पितळ घासलेल्या शिपायाची. वेचणीच्या दिवशी गावात उरतात थकलेले आणि अधू. त्यांत पलटणीतून परतलेला एकच होता: फिर्यादीचा थोरला भाऊ, एका पायाने लंगडा.

तो ओसरीवर बसला होता. नखं अजून केशरी होती.

"मीच पुसला. पोट्ट्याले सोडा."

"काहून पुसला, भाऊ?"

"त्याचा बाप अन् मी एका खंदकात होतो. माह्यासाठी पानी आनाले गेलता, तिथंच पडला. शेंदराखाली त्याचं नाव दिसत नोतं." मग माझ्यासोबत आलेल्या धाकट्याकडे वळून म्हणाला, "देव केलं ना त्याले? मंग त्याच्या पोराले आपल्या हिरीचं पानी देशील का?"

धाकट्याने फिर्याद मागे घेतली. पाण्याचं उत्तर मात्र दिलं नाही.

माणसाला देव करणं फार सोयीचं असतं. मग त्याच्या घरच्यांशी माणसासारखं वागायची गरज उरत नाही. हे मी त्या ओसरीवर शिकलो.

भरतीला निघण्याआधी तो तरुण दगडापाशी आला. थोरला भाऊ काठी टाकून सावधान उभा राहिला आणि पलटणीतल्या हजेरीसारखी नावं पुकारू लागला. मीही टोपी सरळ केली.

पहिल्या नावाला तरुणाने उत्तर दिलं, "हाजिर."