घैन आणि चाचींचं फ्रेंच

लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझे शोहर जिबुतीला बंदरावर नोकरीला गेले. घर मिळालं की मला बोलावून घेणार होते. तिथे फ्रेंच चालायचं, आणि मी तर बोर्ली पंचतनच्या बाजारापलीकडे फारशी गेलेही नव्हते. पण घरात चाची होत्या, माझ्या चुलत सासूबाई. तरुणपणी बरीच वर्षं त्यांनी जिबुतीत फ्रेंच बायकांचे कपडे शिवले होते.

"चाची, मला शिकवा," मी म्हटलं.

"शिकवीन. पण दुपारच्या नमाजनंतर तुझ्याशी आपली बोली बोलणार न्हाय."

पहिल्याच दुपारी चुलीपाशी बसून त्यांनी काहीतरी मागितलं. मला 'घी' ऐकू आलं. मी घीची बरणी नेऊन दिली. त्यांनी मान हलवून तोच शब्द पुन्हा म्हटला. मी बरणीचं झाकण उघडून दिलं. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. चाचींना तांदूळ हवे होते. फ्रेंचमध्ये तांदळाला 'री' म्हणतात, पण फ्रेंच लोकांचा र जिभेवर नसतो, घशात असतो.

"राहू दे गो," सासूबाई म्हणाल्या. "तो हाय ना तिथे बोलायला."

"आणि ते कामावर गेल्यावर?" मी विचारलं.

त्या र पायी माझा घसा दुखायला लागला. मग एका सकाळी कुराण वाचताना घैन हे अरबी अक्षर आलं. हा हरफ घशातून काढायला उस्तादांनी लहानपणीच शिकवला होता. वाचन संपवून मी चाचींकडे गेले आणि घैन लावून 'री' म्हटलं.

त्यांचा अडकित्ता थांबला. "परत म्हण."

मी परत म्हटलं.

"आता तांदूळ आले," त्या म्हणाल्या.

'दस्यू' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली, हे मात्र कित्येक महिने जमेना. चाचींनी सुक्या जवळ्याची टोपली वर ठेवायला सांगितली, मी खाली ठेवली आणि मांजरांनी ती साफ केली. त्या दिवशी सासूबाई हसल्या नाहीत. चाचींनी माझे ओठ बोटांनी धरून गोल केले. "ओठ 'ऊ'चे ठेव, आतून 'ई' म्हण."

विहिरीवर, भांडी घासताना मी तेच म्हणत राहिले. जावेची मुलं नक्कल करायची. मग मी त्यांनाच समोर बसवलं. मी शब्द म्हणायचा, त्यांनी वर किंवा खाली हात दाखवायचा. सगळ्यांचे हात बरोबर पडेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही.

जिबुतीला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात बाजारातून येताना मी वाट चुकले. एका फ्रेंच बाईला आमची गल्ली विचारली. तिला कळलं नाही. मी तिथून हलले नाही. ओठ गोल करून सावकाश पुन्हा विचारलं. डावीकडे वळून सरळ जा, असं तिने सांगितलं आणि मला ते सगळं समजलं.

हे दारातच उभे होते. "कुणी आणून सोडलं?"

"कुणी न्हाय," मी म्हटलं. "विचारत आले."