गोळ्यांच्या खोक्यातला कागद

औषधांच्या कंपनीत मी गोळ्यांच्या प्रत्येक खोक्यात माहितीचा कागद घडी करून घालते. समोरच्या भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलंय, 'आधी रुग्ण. विज्ञानात स्त्रिया पुढे.' कागद मात्र इंग्रजीत, तोही मुंग्यांएवढ्या अक्षरांत.

काल डॉक्टरांनी सासूबाईंना आमच्याच गोळ्या दिल्या. "जेवणाआधी घ्यायची की नंतर, विसरले बाई. तू रोज भरतेस ना गं, सांग की!" मी कागद उलटसुलट केला. "चार यत्ता शिकून काय दिवे लावलेस!" म्हणत त्यांनी गोळी तशीच ठेवून दिली.

आज प्रयोगशाळेतल्या मॅडम अगदी जवळून गेल्या, तरी गोळी कधी घ्यायची ते विचारायला मी धजले नाही. स्वतःचा राग आला, त्या भिंतीचाही. किती घरांत हा कागद उघडून कुणी गप्प बसलं असेल! आणि त्यांना तो मीच पाठवते.