सादेत्तिनकाकांचा हलवा

दुपारी दारात सादेत्तिनकाका उभे. अंगात इस्त्रीचा कोट, हातात बशी, बशीत गरम रव्याचा हलवा. "घे गुलिझार," एवढंच म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले. मी शिवायला घेतलेली पँट तशीच मशीनवर टाकली. आम्हा तुर्की लोकांत असा हलवा दारोदार आला की त्या घरचं कुणीतरी गेलेलं असतं. काका तर एकटेच! म्हटलं, गावाकडची बहीण गेली वाटतं.

इथे जर्मनीत, गेल्झेनकिर्शेनच्या कोळसा खाणीत काकांची उभी हयात गेली. त्यांची बायको नेझाहत कोपऱ्यावरच्या शाळेत साफसफाई करायची. मतदान त्याच शाळेत. लोक मतं टाकून जायचे आणि ही बापडी मागून फरशी पुसायची. "एकदा मलाही टाकायचंय गं," म्हणायची. पण जर्मन नागरिकत्व घ्यायचं तर तुर्की सोडावं लागे, आणि काका ऐकतील तर शपथ! "मेलो तरी सोडणार नाही!" नवऱ्याला वगळून एकटीने अर्ज करणं तिला जमलं नाही. मला दोघांचाही संताप यायचा.

चार वर्षांपूर्वी ती गेली. रिवाजाप्रमाणे शवपेटी विमानाने तुर्कस्तानात गावी नेली, झोंगुलडाकच्या डोंगरात पुरली. काका परत आले, कारण पेन्शन, डॉक्टर, सगळं इथेच. पुढे कायदा बदलला, दोन्ही नागरिकत्वं ठेवता येऊ लागली, पण ते बघायला नेझाहत कुठे होती? ती गेल्यापासून त्या घरात कुणी जाऊन बसलेलं मी पाहिलं नाही. जिन्यात भेटले तर "कसं काय काका", संपलं. माणूस आतल्या आत वाळत चालला होता.

मी डाळीचं सूप घेऊन वर गेले, तर दारात चपलांचा ढीग! अख्खी इमारत दुखवट्याला लोटलेली. बायकांनी डोक्यावरून रुमाल घेतलेले. काका मधोमध खुर्चीवर, मान खाली. कोण गेलं हे तोंडावर विचारायची आमच्यात पद्धत नाही. पण मला राहवेना. चहाच्या निमित्ताने त्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"काका, कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग हलवा कसला?"

"मी जर्मन झालो आज. दोन्ही ठेवून. नगरपालिकेत समारंभ होता."

"आणि सोबत कोण होतं?"

"सेवदाला सुट्टी मिळाली नाही." सेवदा त्यांची मुलगी, म्युनिकला असते. "म्हणाली, बाबा, व्हिडिओ पाठवा. सगळ्यांची माणसं आली होती गं, फुलं घेऊन. माझा फोटो दारावरच्या पहारेकऱ्याने काढला."

"अहो, मग बकलावा तरी आणायचा! आनंदाला कुणी हलवा वाटतं का?"

"विकतचं काय वाटायचं? हाताने करावं म्हटलं. मला एवढंच येतं. नेझाहत गेली तेव्हा तुम्हीच भाजायला बसवलंत मला."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि रागही. "थांबा, सांगते सगळ्यांना. टाळ्या वाजवतील."

त्यांनी माझा हात धरला. "नको. अभिनंदन करायला आलेली माणसं दारातूनच परत जातात. दुखवट्याला बसतात तरी. बसू दे त्यांना."

मी चहाचा ट्रे उचलून बाहेर आले. काकाही मागोमाग येऊन बसले. तेवढ्यात आमच्यात सगळ्यांत वडीलधाऱ्या हाजेरआजींनी विचारलं, "बाळा सादेत्तिन, दुआ कुणाच्या नावाने म्हणू?"

आता आली का पंचाईत! मी काकांकडे बघेना.

"नेझाहतच्या," काका म्हणाले.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी कुजबुजलं, "अगंबाई, तिला तर चार वर्षं झाली!"

"तिला हवं होतं ते आज मला मिळालं, आजी. आता मी इथला झालो. ती तिथे पडलीय. मी हट्ट केला नसता तर ती कधीच मत टाकून आली असती."

आजींनी दुआसाठी तळवे उघडले. आम्हीही उघडले. दुआ संपली तरी कुणी उठलं नाही.