नानांची बाग आणि उडणारा युसूफ

मशीनखाली चिंध्या साठतात तसे किस्से साठतात. फेकायला हात होत नाही. त्या सुपरहिरोच्या सिनेमाच्या चिंध्या अशाच पडून आहेत. कोट्यवधींचा सिनेमा, शूटिंग यावलच्या केळीबागेत, आणि कपडेपटात मदतीला जळगावची मी. चौथी शिकलेय. शिवण कुणी शिकवलं नाही, जुने ब्लाउज उसवून उसवून शिकले.

*

मुंबईच्या डिझायनर मॅडमनी हिरोचा सूट आणला तो रबराचा. महिना मे! धुळ्याचा ड्रायव्हर भिकाभाऊ सूट उचलून म्हणाला, "अक्का, हाई ते बठ्ठं रबर शे. हिरो उकडी जाई."

पहिल्याच दिवशी हिरो अकराला एसी व्हॅनमध्ये शिरला, तो पाचला बाहेर आला. तेव्हापासून मुखवट्याआड युसूफ. हा भुसावळचा वेल्डर. हिरोला उडवायच्या तारांचा सांगाडा जोडायला आला होता. उंची हिरोएवढी निघाली, म्हणून त्यालाच तारेला टांगलं.

*

अर्ध्यात दिग्दर्शक बदलला. पहिल्याच्या मते हिरोला आई होती, दुसऱ्याच्या मते तो अनाथ. आईचं काम करायला आलेल्या बाई चार दिवस नुसत्या बसून. शेवटी माझ्या शेजारी बसून काजं करू लागल्या. हात चांगला होता हो!

*

तारेवर युसूफचा खांदा दोनदा निखळला. नव्या दिग्दर्शकाने त्याला शब्द दिला: एक सीन उघड्या तोंडाने. बागेत घड उतरवणारा मजूर. डोक्यावरून सुपरहिरो जातो, हा वर बघून हसतो. एवढंच.

"अम्मीला एकदा तोंड दिसलं की बस, अक्का."

अर्धा सीन झाला. उरलेला दुसरीकडचं शूटिंग उरकून आठ दिवसांनी घ्यायचा ठरला.

*

युसूफसाठी मी सुती सूट शिवला. लांबून रबर की कापड, कळत नव्हतं. मॅडमनी तो सगळ्या युनिटपुढे चिमटीत धरला. "गॅदरिंगचा ड्रेस वाटतो," म्हणाल्या. सगळे हसले. पुढे सगळा सिनेमा त्याच सुटात उडाला, ती गोष्ट वेगळी.

त्याच संध्याकाळी नानांचा फोन. बाग नानांची. ते माझे मावसभाऊ, म्हणून युनिटचे निरोप माझ्याकडून जायचे. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती, केळी तयार होती. सिनेमावाल्यांचं झालं का, एवढंच त्यांनी विचारलं.

अर्धा सीन राहिलाय हे मला पक्कं ठाऊक होतं. पण कानात अजून ते हसणं होतं.

म्हटलं, "झालं त्यांचं. कापा."

*

आठ दिवसांनी युनिट परत आलं तर बागेत एक घड नाही. प्लास्टिकचे लावू म्हणाले, दोन लावून बघितले. भिकाभाऊसुद्धा हसला नाही. सीन रद्द झाला.

युसूफच माझी समजूत घालायला आला. "जाऊ द्या अक्का, नानांना बिचाऱ्यांना काय माहीत?"

मी सुईत दोरा ओवत राहिले. खरं काय ते त्याला आजवर सांगितलेलं नाही. तोंडाची मी एवढी फटकळ, पण तिथं तोंड उघडत नाही.

*

सिनेमा लागला तेव्हा युसूफने अम्मीला आणि मला भुसावळला थिएटरात नेलं. मधे अम्मी, अलीकडे मी, पलीकडे तो. पडद्यावर तो मुखवटा घालून उडाला की अम्मी माझा हात घट्ट धरायची आणि पुटपुटायची, "संभाल के, बेटा."

शेवटी सुपरहिरोने मुखवटा काढला. हिरोचा गोरापान चेहरा पडदाभर आला. शिट्ट्या, टाळ्या.

अम्मीने माझा हात सोडला. माझ्याकडे वळून विचारलं, "अक्का, ये कौन है?"