अण्णांच्या नावावर चालणारी साइट

बंगलोरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत कुणाची नोकरी गेली की ती बातमी सर्वांत आधी माझ्या टेबलावर यायची, आणि तरी ती कुणाची गेली हे मला कळायचं नाही. सकाळी नऊला पर्सोनेल खात्याचा शिपाई एक चिठ्ठी ठेवून जाई. चिठ्ठीवर नावं नसत, नुसते टोकन नंबर. गेटवर हजेरीसाठी प्रत्येकाला एक पितळी टोकन मिळे, त्यावरचा नंबर. मी तो कॉम्प्युटरवर टाकायचा, एक कळ दाबायची, की त्या माणसाची ईमेल, त्याचा पासवर्ड, डेटाबेसमधलं त्याचं नाव, सगळं एका झटक्यात बंद. पत्र त्याला मिळे संध्याकाळी. बहुतेकांना दिवसभर कॉम्प्युटरला हात लावायची वेळच येत नसे, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नसे. कँटीनमध्ये सांबार-भात खात माणूस गप्पा मारायचा, आणि कॉम्प्युटरच्या लेखी तो सकाळीच संपलेला असायचा.

ही पद्धत माझ्या वरिष्ठांनी, अण्णांनीच बसवली होती. पूर्वी एका सेल्समनला सकाळी पत्र दिलं आणि दुपारपर्यंत त्यानं रागाच्या भरात गिऱ्हाइकांची अख्खी यादी पुसून टाकली. तेव्हापासून आधी खातं, मग पत्र. मी नवी असताना विचारलं होतं, "अण्णा, नंबर टाकल्यावर तुमचा प्रोग्राम नाव का दाखवत नाही हो? चुकून भलताच माणूस उडाला तर?"

"आधी दाखवत होता की," अण्णा म्हणाले. "पहिल्याच महिन्यात माझ्याबरोबर लेथवर उभा राहिलेल्या माणसाचं नाव आलं. अर्धा तास हात उठला नाही गं. मग नावच काढून टाकलो."

"टाकलं," मी म्हटलं. पुण्याची खोड.

"सरी, बरं, टाकलं," ते म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा तेच.

अण्णा आमच्या कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख. खातं म्हणजे ते आणि मी. पन्नाशी उलटलेले, बंगलोरात चार पिढ्या राहिलेल्या, राजाजीनगरातल्या मराठी घरातले. कंपनीत लागले ते लेथवर. मग स्टोअरमध्ये गेले. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याजवळ जायला कुणी धजेना म्हणून हे गेले, ते तिथेच चिकटले. डिग्री नाही. मी पुण्याहून डिग्री घेऊन आलेली, कोरमंगलाला पीजीत राहणारी, कंपनीच्या बसनं रोज बंगलोरचं एक टोक सोडून दुसरं गाठणारी. पहिल्या आठवड्यात मशीन अडलं तेव्हा मी दातओठ खात "मेल्या, चाल की आता!" म्हणाले, तर पलीकडून आवाज आला, "स्वल्प थांब अक्का. तो बहिरा नाही, म्हातारा आहे." परक्या गावात मराठी ऐकून मला रडूच फुटलं. त्या दिवसापासून ते माझे अण्णा.

त्या वर्षी नवे जनरल मॅनेजर आले आणि चिठ्ठीवरचे नंबर वाढायला लागले. आधी महिन्यात एखादा असे, मग आठवड्याला तीन-चार. डिग्री नसलेल्या जुन्या माणसांवर त्यांचा रोख आहे हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. अण्णांना निवृत्तीला सहा-सात वर्षं उरली होती आणि ती त्यांना ह्याच खोलीत काढायची होती. त्यांची सगळी भिस्त आमच्या वेबसाइटवर. आमच्या पंपांचे सुटे भाग विकणारे डीलर कोल्हापूरपासून कोइमतूरपर्यंत पसरलेले. त्यांनी दुकानात बसून इंटरनेट जोडायचं, आमच्याकडे माल किती आहे ते बघायचं आणि तिथल्या तिथे ऑर्डर टाकायची. तेव्हा ह्या गोष्टीचं फार अप्रूप होतं. ती साइट अण्णांनी रविवारी-रविवारी येऊन एकट्यानं लिहिली होती. "ही चालते तोवर मला कोण हात लावतंय?" असं ते म्हणत, आणि मलाही ते पटायचं.

त्या दिवशी चिठ्ठीवर तीन नंबर होते. मी ते टाकले, चिठ्ठी ड्रॉवरमध्ये सारली आणि कॉफी आणायला गेले.

दहाला दुकानं उघडली आणि हुबळीचा फोन आला. साइट उघडते, पण माल बघायला गेलं की डेटाबेसशी जोडणी होत नाही असं येतं. मग कोल्हापूर, मग कोइमतूर. साडेदहापर्यंत आमचा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण आदल्याच आठवड्यात मी साइटवर एक नवं पान चढवलं होतं. प्रत्येक पान डेटाबेसशी एक जोडणी उघडतं, आणि काम झालं की ती बंद करायची असते. ती बंद करायला विसरणं म्हणजे नळ चालू ठेवून घराबाहेर पडणं. जोडण्या वाया जात राहतात, आणि मर्यादा संपली की पुढच्याला मिळत नाही. नळ मीच चालू ठेवलाय अशी माझी खात्रीच झाली. मी अजून प्रोबेशनवर होते.

जनरल मॅनेजरांचा फोन आला तेव्हा माझा चेहरा बघून अण्णांनीच रिसीव्हर उचलला. "यस सर. माझी चूक आहे सर. तासाभरात करतो," असं इंग्रजी-हिंदीत सांगून त्यांनी तो ठेवला.

"अहो, पण चूक माझी निघाली तर?" मी म्हटलं.

"निघाली तर मग बघू की. आधी सापडू दे."

मग आम्ही भुई धोपटायला लागलो. किती जोडण्या उघड्या राहिल्यात ते मोजलं. एकही नव्हती. म्हणजे माझ्या नळाचा प्रश्नच मिटला, आणि तरी गाडं अडलेलंच. वायर काढून पुन्हा बसवली. दुसऱ्या मशीनवरून डेटाबेसच्या मशीनला हाक मारून बघितली, ते ओ देत होतं. डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला. अण्णांची एक शिस्त होती, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. मी घाईनं दोन बदलल्या की ते पट्टीनं टेबलावर टक् करत. त्या सकाळी बऱ्याचदा टक् झालं.

"साइट बाजूला ठेव," शेवटी ते म्हणाले. "ती ज्या नावानं आत जाते, त्याच नावानं आपण हातानं जाऊन बघू."

साइटलाही डेटाबेसमध्ये शिरायला एक नाव आणि पासवर्ड लागतो. शहाण्या माणसानं त्यासाठी वेगळं नाव काढावं. पण अण्णांनी पहिल्या रविवारी सध्यापुरतं म्हणून स्वतःचंच घातलं होतं, आणि ते तसंच राहिलं. आमच्या धंद्यात सध्यापुरत्याइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं. हुबळीचा डीलर आत आला तरी डेटाबेसला वाटायचं, अण्णाच आले.

त्यांनी स्वतःचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. नामंजूर. चष्मा पुसून पुन्हा टाकला. नामंजूर. तिसऱ्यांदा एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत, माझ्यादेखत सगळा पासवर्ड उघडा करत टाकला. नामंजूर. मग मी ॲडमिनच्या नावानं आत शिरले. आम्ही दोघं एरवी त्याच नावानं काम करायचो, म्हणून सकाळपासून काही लक्षात आलं नव्हतं. मी नावांची यादी उघडली. अण्णांचं नाव त्यात नव्हतं.

"कुणी काढलं की?" अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. घोडं कुठे पेंड खातंय ते सापडल्याचा आनंदच होता. "नाव आपोआप जात नाही. कुणीतरी हातानं काढायला लागतं."

आणि तेव्हा मला कळलं. नाव काढण्याचा अधिकार आमच्या कंपनीत दोघांनाच होता, एक अण्णा आणि दुसरी मी. आठ महिने शेजारी बसून मी त्यांचा टोकन नंबर कधी विचारला नव्हता. कशाला विचारीन? अण्णांनाही नंबर असेल हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

माझी नजर ड्रॉवरकडे गेली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "आजची चिठ्ठी दाखव."

मी ड्रॉवर उघडून ती दिली. त्यांनी ती हात लांब करून धरली. तीन नंबर वाचायला माणसाला किती वेळ लागतो? ते वाचतच राहिले.

"मधला माझा," ते म्हणाले.

मी रडायला लागले. "मला माहीत नव्हतं, अण्णा. शपथ. मला माहीत नव्हतं." तेच तेच.

"तुला कसं कळणार? नाव कुठं दिसतंय त्यात," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. उभं आयुष्य ज्यांनी इथे काढलं त्यांना मी नऊ वाजता एक कळ दाबून काढलं होतं आणि वर कॉफीही प्यायले होते.

मग मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि सगळीकडे सांडतो. "राहू दे ही साइट बंद," मी म्हटलं. "चालू करूच नका. कुणाच्या जिवावर चालली होती ते कळू दे ह्यांना. दुपारपर्यंत सगळे डीलर बोंबलतील, आणि हेच साहेब पत्र फाडून तुमच्याकडे येतील." मला ते अगदी शक्य वाटत होतं. अजूनही वाटतं.

अण्णांनी विचार केला. केला, हे मी बघितलं. त्यांना देव करायची मला हौस नाही. कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवून ते चांगली दोन-तीन मिनिटं बसले. खाली वर्कशॉपमध्ये प्रेसचे ठोके पडत होते.

तेवढ्यात जनरल मॅनेजर स्वतःच आले. दारातूनच म्हणाले, "और कितना टाइम?" आणि विचारलं ते मला. अण्णांकडे त्यांनी बघितलंही नाही. ज्याच्या पत्रावर आपण सही करून आलो त्याच्याकडे बघणं जड जात असावं. मला म्हणायचं होतं, सर, ही साइट ह्यांच्या नावावर चालते, आणि ते नाव तुम्ही काढायला लावलंत. एवढं एकच वाक्य. पण मी वहीची पानं चाळायला लागले.

"दो मिनिट, सर," अण्णा म्हणाले.

त्यांनी कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. आणि मराठीत, हळू आवाजात, आठ महिने जसं शिकवत आले तसंच सांगायला लागले. "जोडणीची ओळ उघड. माझं नाव खोड. तुझं घाल. पासवर्ड तुझा. सेव्ह कर. आता मालाच्या पानावर जा."

मी ते सांगतील तसं करत गेले. दोनदा अक्षर चुकलं, आणि दोन्ही वेळा ते "स्वल्प सावकाश" म्हणाले. हळूहळू माझं सगळं लक्ष त्या एका ओळीत गेलं. पान उघडायला लागलं. वरची निळी पट्टी आली, तक्त्याच्या रेघा आल्या, आणि मग एकामागून एक माल दिसायला लागला, वॉशर, सील, इम्पेलर.

"चाललं!" मी ओरडले. "अण्णा, चाललं!"

आनंदानं ओरडले. दोन्ही हात वर करून, खुर्चीतून अर्धवट उठून, अडलेलं काम चाललं की मी नेहमी ओरडायची तशी. त्या क्षणी मला खरोखर दुसरं काही आठवत नव्हतं. अण्णाही हसले. बहुधा त्यांनाही आठवत नसावं.

"गुड," साहेब मला म्हणाले आणि गेले.

मग मला माझे वर केलेले हात दिसले. सकाळच्या त्या कळीचा दोष मी अजूनही कुणाकुणाच्या माथी मारू शकते, पर्सोनेलच्या, साहेबांच्या, नाव न दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या. ते ओरडणं मात्र माझं स्वतःचं होतं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटलेली नाही. मी हात खाली घेतले आणि ते कुठे ठेवावेत ते मला कळेना.

अण्णा पडद्याशी वाकून अजून आकडे तपासत होते.

"हुबळीला फोन कर," ते म्हणाले. "वाट बघत असेल तो."