बिनलेबलची डबी

माजलगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकल चालवणारा माणूस गिऱ्हाइकाचा चेहरा कधी बघत नाही, कागद बघतो. पिंपलचं औषध मागायला आलेल्या पोरीला तो कोरा कागद नाकावर दाबायला लावतो, मग तो ट्यूबलाइटसमोर धरून तेलाचा डाग दाखवतो. “तेलाच्या ग्रंथी लई काम करायल्यात,” असं हळू आवाजात, डॉक्टरच्या थाटात म्हणतो. मग काउंटरखालून पांढऱ्या मलमाची डबी काढतो. डबीवर लेबल नसतं. मी एकदा नाव विचारलं तर म्हणाला, “नाव कावून पायजे, ताई? गुण बघा.”

गुण माझ्या लेकीनं बघितला. आठवड्यात पुटकुळ्या बसल्या, चेहरा काचेसारखा झाला. मलम थांबवलं तशा दुपटीनं उठल्या, आणि उन्हात गेली की गालांची आग व्हायला लागली. मी जाब विचारायला गेले, तर त्यानं मलाच समजावलं, “मधीच सोडायचं नसतं,” आणि दुसरी डबी हातात दिली.

तेवढ्यात त्याची मुलगी शाळेतून आली. तिचं कपाळ पुटकुळ्यांनी भरलेलं होतं. माझ्या हातातल्या डबीकडे बोट करून ती म्हणाली, “पप्पा, मला पण ही द्या ना.”

“तुला न्हाई.” त्याचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. “साध्या साबणानं तोंड धू, नखं लावू नको. उद्या बीडला स्किनच्या डॉक्टरला दाखवू.”

मी डबी काउंटरवर ठेवली. त्यानं ती उचलून खाली सरकवली आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या पोरीपुढं कोरा कागद धरला.