राजाचा हात

"हा राजाचा हात आहे की मिठागरातल्या गड्याचा?"

परीक्षक माझ्या रांगोळीवर वाकून म्हणाले. सगळे हसले. मृणाल हसली नाही. तिने कीव केली. ते जास्त लागलं.

शाळेच्या सभागृहात व्यक्तिचित्र रांगोळीची स्पर्धा होती. विषय, राजा. आमच्या जूचंद्र गावात पोरगी चालायला लागली की चिमटीत रांगोळी येते. मृणाल शेजारच्या नायगावात तेव्हा नव्यानेच उठलेल्या इमारतीतली, मुंबईला चित्रकला शिकणारी. तिच्याकडे जाडजूड पुस्तक होतं. पायाशी सिंह म्हणजे सत्ता, वर उचललेली हनुवटी म्हणजे करारीपणा, लांब गोरी बोटं म्हणजे खानदान. हे तिला पाठ होतं. परीक्षक तिला 'तुम्ही' म्हणत, मला 'ए'. मला तिचा हेवा वाटायचा. पुस्तकाचा, त्या 'तुम्ही'चा, तिच्या स्वतःच्या गोऱ्या बोटांचाही. खोटं कशाला बोलू?

माझ्याकडे पुस्तक नव्हतं. बाबा होते. मीठ ओढायचं फावडं त्यांच्या हातात देऊन मी तलवारीवरची पकड काढायला शिकले. ते हसले होते, "कोनी सांगितलं राजाला माझा हात लावाया? मीठ लागून तलवार गंजंल त्याची."

"पाहुणे यायच्या आत दुरुस्त कर," परीक्षक म्हणाले. "नाहीतर बाद."

"दे, मी करते. दोन मिनिटांचं काम," मृणाल म्हणाली.

तिने ते छानच केलं असतं. म्हणून मी करू दिलं नाही. स्वतःच फिक्या रंगाची चिमूट घेतली. राजाच्या हातावरच्या भेगा बुजवल्या. एक बोट गोरं झालं. सुंदर झालं. तिच्यासारखं.

मान वर केली. दारात बाबा. मिठागरातून थेट आलेले. माझ्या रांगोळीकडे बघत त्यांनी उजवा हात हळूच पाठीमागे नेला.

परीक्षकांनी माझ्या चित्राचा अपमान केला होता. बापाचा मी केला. माझ्याच चिमटीने.

मी ते बोट पुसलं. भेगा पुन्हा भरल्या, आधीपेक्षा काळ्या.

"हात हाच राहील," मी म्हणाले. "नको असेल तर झाडू घ्या आणि राजालाच झाडा."

बाद झाले. पहिला नंबर मृणालचा. हेवा अजून गेलेला नाही, जाऊही नये. पण तिची बोटं मला आता नकोत.

राजे काढायला मला आजही बोलावतात. मी आधीच सांगते. सिंह काढीन, छत्र काढीन. हात मिठागरातलाच येईल. चालत नसेल, तर तुमचं सिंहासन रिकामं राहील.